मुसळ काढल्यानंतर

वाचकाचे पत्र, थोडक्यात: अहिल्यानगर जिल्ह्यातील एका शिक्षिका भगिनीचे दीर्घ पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश येथे देत आहे. त्यांचे सासर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. आजेसासरे गावचे येसकर होते, सासरे मिशनच्या शाळेत शिकून शिक्षक झाले, आणि आज घरचा सहा एकर ऊस आहे. पती मंडळीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पंचांपैकी एक आहेत. मोठे दीर साखर कारखान्यासाठी तोडणी आणि वाहतुकीचा ठेका घेतात. यंदा बीड जिल्ह्यातून आलेली टोळी याच कुटुंबाच्या शेताच्या कडेला कोप्या (झोपड्या) घालून राहिली आहे. डिसेंबरच्या अखेरीस त्यातील एका मजुराचा पाय मोडला. त्याने बायकोमुलांसह गावी परत जाऊ देण्याची विनंती केली, तेव्हा ऐंशी हजारांची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटल्याशिवाय कोयता (एकत्र तोडणी करणारे जोडपे) सोडता येणार नाही, असे टोळीच्या मुकादमाने सांगितले. नवऱ्याला एकट्याला गावी पाठवण्यात आले आणि त्याच्या जागी तेरा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधू लागला. बायको सात महिन्यांची गरोदर असून फडातच आहे. पाणी भरायला घरी आली असता तिने हे सारे या भगिनीला सांगितले. दिरांकडे विषय काढल्यावर ‘उचल घेताना कळले नव्हते का,’ असे उत्तर मिळाले. पती म्हणाले, ‘आपला ऊसही त्यांनीच तोडला, याच पैशावर आपली मुलगी शिकते आहे, तू कोणत्या तोंडाने बोलणार?’ पाळकांनी सांगितले की, हा उपवासकाळ आहे, आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ पाहावे, बाकीचे प्रभूवर सोपवावे. दोन महिन्यांपासून या भगिनी प्रभुभोजनाच्या (भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या) वेळी बाकावरच बसून राहतात. त्यांचा प्रश्न असा आहे: मी स्वतःच दोषी असताना मला बोलण्याचा अधिकार आहे का, की आधी स्वतःला शुद्ध करून मगच बोलावे?

प्रिय ताई, सलाम.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. दोन गोष्टी आधी सांगते, कारण बाकीचा विचार आठवडाभर थांबू शकतो, पण या थांबू शकत नाहीत. त्या गरोदर बाईची तपासणी झाली आहे की नाही, हे उद्याच्या उद्या गावातील आशाताईंना विचारा आणि झाली नसेल तर तिला आरोग्य केंद्रात घेऊन जा. ती परजिल्ह्यातील आहे म्हणून तिला तपासणी नाकारता येत नाही. आणि तो मुलगा तेरा वर्षांचा आहे. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आहात, शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचे रकाने तुम्ही स्वतःच्या हाताने भरले असतील. शाळा सोडल्याचा दाखला हातात नाही या कारणावरून त्याचा प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिले आहे. या दोन कामांसाठी तुम्हाला कोणावरही आरोप करावा लागत नाही, दिरांशी भांडावे लागत नाही आणि आधी निष्पाप ठरावे लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, आणि ती तुमच्या एकटीची नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये अनेक जण तसेच मानतात. ती अशी की आत्मपरीक्षण ही आतली, एकांतातली, देव आणि मी यांच्यातली गोष्ट आहे. दुबळ्याच्या बाजूने उभे राहणे ही बाहेरची, जगातली गोष्ट आहे. आणि पहिली पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात घालणे हा उद्धटपणा आहे. मला वाटते, पवित्र शास्त्र या दोन गोष्टी अशा वेगळ्या काढत नाही.

ज्या वचनामुळे तुम्ही बाकावर बसून राहता, ते वचन पाहू. माणसाने आत्मपरीक्षण करावे आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे, हे प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो (१ करिंथ ११:२८). आपण हे वचन प्रभुभोजनाच्या आधी ऐकतो, डोळे मिटतो आणि आठवड्याभरातील राग, खोटे बोलणे, वाईट विचार आठवू लागतो. ते आठवणेही योग्यच आहे. पण पौलाने हे कोणत्या प्रसंगी लिहिले, ते अकरा ओळी वर जाऊन वाचा. करिंथमध्ये मंडळी जेवायला एकत्र येत असे. ज्यांच्याकडे होते ते आधीच आपले आपले खाऊन घेत, कोणी पिऊन मस्त होई आणि कोणी उपाशी राही. उशिरा येणारे हे बहुधा दिवसभर दुसऱ्याच्या कामावर राबणारे लोक असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. पौल संतापून विचारतो की, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानून ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय? त्यानंतर, त्याच दमात, तो आत्मपरीक्षणाची आज्ञा देतो. म्हणजे ज्या वचनाच्या आधाराने आपण गरिबाचा विषय बाजूला ठेवून स्वतःच्या मनात डोकावतो, ते वचन मुळात गरिबाच्या अपमानावरूनच लिहिले गेले आहे. ‘प्रभूचे शरीर न ओळखता’ खाणे म्हणजे काय, याचे उत्तर त्या अध्यायात अगदी समोर ठेवलेले आहे: शेजारी उपाशी बसलेल्या माणसाला न ओळखता खाणे.

म्हणून तुमच्या मनात दोन महिने जी टोचणी आहे ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. मला वाटते, या वचनाचा अर्थ तुम्हाला पाळकांपेक्षाही नेमका कळला आहे. फक्त त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. पौल ‘परीक्षण करावे आणि मग खावे’ असे म्हणतो. ‘परीक्षण करावे आणि दूर बसावे’ असे तो म्हणत नाही. तुमच्या दूर बसण्याने त्या कोपीतल्या बाईच्या हिशेबात एक रुपयाचाही फरक पडलेला नाही. ताई, हे कठोर वाटेल, पण प्रेमाने लिहिते आहे: अपराधीपणाची भावना ही कधीकधी राहायला सोयीची जागा होते. आपण रडतो, स्वतःला अपात्र म्हणतो, मन हलके होते, आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे नुकसान तसेच राहते. तुमच्या चार पानांच्या पत्रात तुमच्या पापाविषयी खूप काही आहे, पण त्या बाईचे नाव कुठेही नाही. कदाचित तिची ओळख झाकण्यासाठी तुम्ही ते टाळले असेल, आणि तसे असेल तर ते शहाणपणाचेच आहे. पण ते तुम्हाला ठाऊक आहे का, हे मात्र स्वतःला विचारा. हे मी अनुभवावरून विचारते. आमच्या मंडळीत झाडलोट करणाऱ्या बाईंना मी अनेक वर्षे ‘मावशी’ म्हणत होते, आणि त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी फलकावर लिहायला मला त्यांचे नाव दुसऱ्याला विचारावे लागले. त्या दिवसापासून माझ्या आत्मपरीक्षणाचा पहिला प्रश्न नावाचा असतो.

पाळकांनी दिलेले मुसळाचे वचनही शेवटपर्यंत वाचायला हवे. आपल्याकडे म्हण झाल्यामुळे ते अर्ध्यावरच थांबते: दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. म्हणीचा उपयोग बहुतेक वेळा बोलणाऱ्याला गप्प करण्यासाठी होतो. प्रभू येशू मात्र पुढे जातो. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे आपल्या भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे तो सांगतो (मत्तय ७:५). मुसळ काढायचे ते स्पष्ट दिसावे म्हणून, आणि स्पष्ट दिसायला हवे ते कुसळ काढता यावे म्हणून. आणखी एक गोष्ट. तुमच्या प्रसंगात भावाच्या डोळ्यात आहे ते कुसळ म्हणण्याइतके लहानही नाही. एका मुलाची शाळा आणि एका बाईचे बाळंतपण त्यात अडकले आहे.

‘मी स्वतः त्यात सामील आहे, मग कसे बोलू?’ या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मला पवित्र शास्त्रातील नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सापडते. यरुशलेमेचा तट बांधण्याचे काम चालू असताना गरीब लोक आणि त्यांच्या बायका आक्रोश करत नहेम्याकडे येतात: धान्यासाठी आम्ही शेते गहाण टाकली, आता मुलामुलींना दास म्हणून द्यावे लागते आहे आणि सोडवायला हातात काही नाही. उचल आणि कोयता यांची ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे, एवढाच काय तो फरक. नहेम्याला संताप येतो. मग तो मनाशी विचार करतो, हे शब्द सातव्या ओळीत आहेत. आणि लगेच त्याच ओळीत तो सरदारांना व अधिकाऱ्यांना जाब विचारतो. विचार आणि जाब यांच्यामध्ये शुद्धीकरणाची कित्येक वर्षे गेलेली नाहीत. पण त्या विचारात त्याला काय दिसले, ते दहाव्या ओळीत कळते. तो सांगतो की मी, माझे भाऊबंद आणि माझे चाकरही या लोकांना पैसे आणि धान्य उसने देत आलो आहोत, तर ही सावकारी आपण सोडून देऊ. नहेम्या ‘तुम्ही सोडा’ म्हणत नाही, ‘आपण सोडू’ म्हणतो. तुमच्या पतीने विचारले की, तू कोणत्या तोंडाने बोलणार. त्याचे उत्तर असे आहे की याच तोंडाने, ज्याने त्या उसाच्या पैशाची भाकरी खाल्ली आहे. ‘आपला ऊस त्यांनी तोडला’ हे वाक्य त्यांनी तुम्हाला गप्प करण्यासाठी वापरले, पण ते खरे तर बोलण्याचे कारण आहे. ज्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोब लिहितो (याकोब ५:४). ते शेतमालकांना उद्देशून आहे. सहा एकरांचे मालकही त्यात येतात.

या बाबतीत हिशेब मांडून पाहिल्याशिवाय कोणाचेही मन जागे होत नाही, असे माझे मत आहे, म्हणून तो मांडते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. ऐंशी हजारांची उचल या दराने फेडायची तर सुमारे २१९ टन ऊस तोडावा लागतो. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले, तर हे ११० दिवसांचे काम झाले, तेही एकही खाडा (कामाचा चुकलेला दिवस) न होता. ज्याचा पाय डिसेंबरात मोडला त्याच्या घरच्यांना हे कसे जमणार? गरोदर बाई आणि तेरा वर्षांचे पोर मिळून दिवसाला किती तोडणार? उरलेली रक्कम पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते आणि पुढच्या वर्षीही तेच कुटुंब त्याच मुकादमाकडे येते. खाड्याची ही भीती बायकांच्या शरीरापर्यंत पोहोचलेली आहे. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तुमच्या शेताच्या कडेला राहणारी बाई या आकड्यांच्या जगातून आली आहे. ‘उचल घेताना कळले नव्हते का’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी तुमच्या दिरांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा, असे मला मनापासून वाटते.

पाळकांविषयी मी आदरानेच लिहीन, कारण लहान गावातील पाळकाचा पगार कोणाच्या दानातून येतो हे तुम्ही न लिहिताही मला समजते, आणि त्या ओझ्याखाली उभे राहून उपदेश करणे सोपे नाही. तुम्ही लिहिता की, दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे असे पौलच म्हणतो, अशी आठवण त्यांनी करून दिली. तोच पौल कलस्सैच्या मंडळीला लिहिताना पुढे धन्यांनाही सांगतो की, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे हे ओळखून आपल्या दासांशी न्यायाने व समतेने वागा. आणि करिंथकरांस तो सांगतो की, दासाला मोकळे होता येत असेल तर त्याने ती संधी घ्यावी. मजुराला ऐकवायचे वचन व्यासपीठावरून वाचले जाते आणि मालकाला ऐकवायचे वचन तसेच मिटून राहते, हा दोष एका पाळकाचा नाही. पुढच्या बाकांवर बसणाऱ्या आपल्या सर्वांचा त्यात वाटा आहे.

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी खूप वेळ थांबले. आजेसासरे येसकर होते, हे तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. गावाची वेस राखणारा, हाक मारली की ऊनपाऊस न बघता धावणारा, राबण्याच्या मोबदल्यात बलुते म्हणून मिळेल ते घेणारा तो माणूस. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि त्यानंतरच्या काळात ज्या हजारो कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला त्यांतील बहुतेकांची कहाणी अशीच आहे. ख्रिस्ताच्या मंडळीत आपल्याला कोणी ‘अरे’ म्हणून हाकारणार नाही, ही त्यांच्यासाठी सुवार्तेचीच गोष्ट होती. पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात देव इस्राएलाला बजावतो की, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण त्याचे चित्त तिच्यावर लागलेले असते, आणि तो तुझा बंधू असो की परका, त्याच्यावर जुलूम करू नकोस. लगेच पुढे तो म्हणतो की, तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास याची आठवण ठेव. तुमच्या घराचे मिसर फार दूर नाही, तीन पिढ्यांमागे आहे. तुमच्या पतीशी बोलताना पहिला शब्द कायद्याचा किंवा पापाचा नसावा, तो त्यांच्या आजोबांचा असावा, असे मी सुचवेन. त्यांच्या आजोबांना कोणी अडवून ठेवले असते, आणि गावातील एखाद्या सुशिक्षित बाईने ते पाहून मान खाली घातली असती, तर आज आपण कुठे असतो, एवढेच विचारा. त्यांच्यावर विजय मिळवण्यासाठी विचारू नका. त्यांनाही ही गोष्ट कोणी शांतपणे विचारलेली नसेल.

पंडिता रमाबाईंची आठवण येथे येते, कारण आत्मपरीक्षण आणि पीडितांची सोडवणूक या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात कधी सुट्या झाल्याच नाहीत. तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. भुकेने माणसाचे काय होते हे त्यांना स्वतःच्या अंगावरून माहीत होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत. आणि १९०५ साली त्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पश्चात्तापाची मोठी लाट आली, मुली रडून पापांची कबुली देऊ लागल्या. रमाबाईंनी आधी स्वतः पूर्ण होऊन मग दुष्काळाकडे पाहायचे ठरवले असते, तर कबुली देणाऱ्या त्या मुलींपैकी कितीजणी जिवंत राहिल्या असत्या?

आता कृतीविषयी. कोणतेही पाऊल उचलण्यापूर्वी त्या बाईशी बोला आणि तिला काय हवे आहे ते विचारा. तुमच्या मनाची शांती हे या कामाचे उद्दिष्ट नाही. तिला आज निघून जायचे आहे, की हंगाम पूर्ण करून हिशेब चोख हवा आहे, की आधी फक्त मुलगा मोकळा व्हायला हवा आहे, हे तिच्या तोंडून ऐका. चुकीचे पाऊल पडले तर परिणाम आधी तिलाच भोगावे लागतील. रात्री कोपीत तुम्ही नसाल, ती असेल. ती नको म्हणाली तर तिच्या नावाने पुढे जाऊ नका. मुलाची शाळा आणि तिची तपासणी मात्र तिच्याशी बोलून चालूच ठेवा. ती हो म्हणाली, तर उचल कधी व किती घेतली, आजवर किती टन तोडले, किती खाडे लावले, वही कोणाकडे आहे, जाऊ देणार नाही असे कोणी कोणासमोर म्हटले, हे तिच्याच शब्दांत तारखांसह लिहून घ्या आणि वाचून दाखवा.

दुसरे म्हणजे, हे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने किती गंभीर आहे ते घरच्यांना कळायला हवे. उचलीच्या बदल्यात माणसाचे जाण्यायेण्याचे किंवा दुसरे काम धरण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, तर ती १९७६ च्या कायद्यानुसार वेठबिगारी आहे. करार तोंडी असला, घेणाऱ्याने राजीखुशीने अंगठा दिला असला, तरी फरक पडत नाही. असे कर्ज कायद्याने संपुष्टात येते, ते वसूल करणे हाच गुन्हा ठरतो, आणि हे वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. तक्रार तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी करता येते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मुलासाठी १०९८ आहे. हे सारे दिरांना सांगताना धमकीचा सूर नको. ‘भाऊजी, तुम्ही उद्या अडचणीत येऊ नये म्हणूनही सांगते आहे,’ असे तुम्ही मनापासून म्हणू शकत असाल तर तसेच म्हणा, आणि म्हणू शकत नसाल तर आधी त्या रागावर प्रार्थना करा. या टप्प्यावर आत्मपरीक्षणाची खरी गरज लागते. मला तिला सोडवायचे आहे, की दिरांना एकदाचे खाली पाहायला लावायचे आहे? गावात माझे नाव व्हावे असे वाटते का? तिने माझे आभार मानले नाहीत तर मला वाईट वाटेल का? या प्रश्नांची उत्तरे लाजिरवाणी आली तरी काम थांबवू नका. उत्तरे देवापुढे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जा.

तुमच्या बंधूने अपराध केला तर एकांतात त्याला समजाव, न ऐकल्यास एकदोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग, हा मत्तय अठराचा क्रम तुम्ही विचारला आहे. एकांतातली पहिली पायरी तुम्ही चढलात आणि उत्तरही मिळाले. दुसऱ्या पायरीला मंडळीतील एक समजूतदार वडीलधारी व्यक्ती आणि महिला संघातील एक भगिनी बरोबर घ्या. पती आले तर उत्तमच. पण ज्याला अडवून ठेवले आहे त्याला वाट पाहायला लावून आपण एकेक पायरी सावकाश चढावी, यासाठी तो क्रम दिलेला नाही. एक आठवडा पुरे आहे. फेब्रुवारी सरत आला आहे. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ट्रक भरून टोळी एका रात्रीत निघून जाईल, आणि मग तिचा हिशेब फक्त मुकादमाच्या वहीत उरेल. घरात तुम्हालाच धाक दाखवला जात असेल, तर या कामात एकटीने पुढे होऊ नका. आधी माहेरच्या कोणाला तरी सारे सांगून ठेवा. महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनी तुमच्यासाठीही आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या घराची. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराने खाली उतरल्यावर अश्रूंविषयी काही सांगितले नाही, त्याने आकडा सांगितला: अर्धे धन गरिबांना आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. तुमच्या सहा एकरांत या टोळीने किती टन तोडले, त्यात या कुटुंबाचा वाटा किती, त्यांना त्याचे काय मिळाले, हे पतीबरोबर बसून काढा. उपचाराचा खर्च आणि राहिलेल्या उचलीचा काही भाग तुम्ही उचलू शकता का, ते पाहा. तुमचा स्वतःचा पगार आहे, त्यातून सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र ही रक्कम मुकादमाच्या हाती देऊ नका. जे कर्ज कायद्याने उरतच नाही ते फेडून आपण त्याला खरे करतो. पैसे त्या कुटुंबाच्या हातात जाऊ द्या. कोपीजवळ पाण्याची तोटी, रात्रीचा दिवा आणि बायकांसाठी आडोशाचे शौचालय, ही कामे तर तुमच्याच बांधावरची आहेत. ती यापूर्वी का सुचली नाहीत, हा प्रश्न तुम्हाला टोचेल. टोचू द्या, आणि तोटी बसवा.

असेच पत्र इतरही वाचकांकडून येऊ शकले असते. कोणाकडे वीटभट्टी असेल, कोणाच्या घरात दिवसभर राबणारी मुलगी असेल, कोणाच्या संस्थेत सफाईचे काम ठेकेदाराकडे सोपवलेले असेल. त्या सर्वांना मी एवढेच सांगेन की, या उपवासकाळात पापांची यादी करताना त्या यादीत आपल्या घरासाठी राबणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव लिहावे, त्यापुढे त्याला शेवटचा पगार कोणत्या तारखेला दिला ते लिहावे, आणि ज्या नावापुढची जागा भरता येत नाही तेथून सुरुवात करावी.

शेवटी प्रभुभोजनाविषयी. वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन अर्पण कर, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). आपल्या मनात कोणाविरुद्ध काय आहे, हा तेथे प्रश्न नाही. कोणाच्या मनात आपल्याविरुद्ध रास्त तक्रार आहे, हा प्रश्न आहे. तुम्हाला ती व्यक्ती माहीत आहे, आणि ती तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल इतक्या अंतरावर राहते. शनिवारी संध्याकाळी टोळी फडातून परत आली की तिच्या कोपीपाशी जा, तिने बसायला सांगितले तर जमिनीवर बसा, तिच्या हातचा चहा घ्या, आणि आमच्या शेतात तुझ्यावर जे झाले त्यात माझाही वाटा आहे, हे तिला साध्या शब्दांत सांगा. तिने माफ करावे अशी अपेक्षा ठेवू नका. मग रविवारी मंडळीत जा, आणि भाकर पुढे आली की हात पुढे करा. त्या दिवशी प्रकरण मिटलेले नसेल, दीर रागावलेले असतील, कदाचित पतीही दुसऱ्या बाकावर बसलेले असतील. तरीही घ्या, आणि सोमवारी तहसील कार्यालय उघडते त्या वेळी तिने सांगितलेला कागद बरोबर ठेवा.

तुमची,
सदरलेखिका